एक दिवस सोबतीचा
(उलवे येथील सभेत केलेले भाषण)



बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेल्या स्त्रीने आपले सर्वस्व वैद्यांवर खर्चले, असे मार्काच्या शुभवर्तमानात आपण वाचतो. सिकलसेल झालेल्या अनेक आदिवासी बांधवांचीही योग्य डॉक्टर भेटेपर्यंत अशीच ओढाताण होते.

निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते; विळ्यासारखी वाकलेली पेशी १०-२० दिवसांतच मरते. म्हणून अंगात रक्त कायम कमी. हायड्रॉक्सीयुरियाने वेदनेचे झटके कमी होतात. पण ते औषध तज्ज्ञाच्या सल्ल्याने, वेळोवेळी रक्त तपासूनच घ्यायचे असते.

परळच्या केईएम रुग्णालयात रक्तविकारतज्ज्ञ आहेत. खारकोपरहून नेरूळ, कुर्ला करत परळ गाठणे आपल्याला सवयीचे; पाड्यावरून प्रथमच आलेल्याला मात्र केसपेपरची रांगसुद्धा डोंगराएवढी वाटते.

म्हणून देणगीसोबत महिन्यातला एक दिवस द्या. रुग्णाबरोबर जा. त्याच्या वहीत तारीख, हिमोग्लोबिन, रक्त चढवले असल्यास तेही लिहा. नेहमीचा आकडा ठाऊक असेल, तरच घसरण लक्षात येते. ताप आला, छातीत दुखले किंवा धाप लागली, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. त्याच दिवशी जवळचे रुग्णालय गाठा.

त्या स्त्रीला गर्दीतून एकटीलाच वाट काढावी लागली. आपल्या बांधवांना ती एकट्याने काढावी लागू नये. आमेन.