यंत्रावर नसलेली निशाणी



१३ ऑक्टोबर २००४ या दिवसाबद्दल आज बोलणार आहे. बुधवार होता. पितृपक्ष संपत आला होता आणि शिवारात सोयाबीनची काढणी चालू होती. महाराष्ट्राच्या विधानसभेसाठी त्या दिवशी मतदान झालं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होतो आणि मराठवाड्यातल्या एका गावी केंद्राध्यक्ष म्हणून माझी नेमणूक झाली होती. आदल्या दिवशी आम्ही यंत्र, शाई, लाख, मेणबत्त्या, याद्या असं सगळं साहित्य घेऊन मुक्कामाला पोचलो. सकाळी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर चाचणी मतदान घेतलं, आकडे शून्यावर आणून दाखवले, हिरव्या कागदी सीलवर त्यांच्या सह्या घेतल्या आणि मतदान सुरू केलं.

दहाच्या सुमारास एक आजी आल्या. सत्तरीच्या पुढच्या असाव्यात. बोटाला शाई लावून घेतली, नोंदवहीत अंगठा उठवला आणि पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेल्या. तिथं बराच वेळ झाला. बाहेर रांग खोळंबली. शेवटी आतूनच आवाज आला, "मास्तर, हात कुठाय वं? हितं हात दिसंना की."

हात, म्हणजे काँग्रेसची निशाणी, नव्हताच. त्या मतदारसंघाची जागा काँग्रेससोबतच्या आघाडीच्या वाटपात राष्ट्रवादी काँग्रेसकडे गेली होती. यंत्रावर त्यांचं घड्याळ होतं. या बाईंनी इंदिराबाईंच्या काळापासून हातावर शिक्का मारला असणार. आता शिक्का गेला होता, मतपत्रिका गेली होती आणि हातही गेला होता. मी काय सांगणार? कायद्यानं केंद्राध्यक्षाला बटण कसं दाबायचं एवढंच समजावून देता येतं, कुठलं दाबायचं हे नाही. मी जागेवरूनच म्हणालो, "आजी, त्या यंत्रावर जेवढ्या निशाण्या आहेत त्यातली तुम्हाला पटेल तिच्यापुढचं बटण दाबा. याहून जास्त मला सांगता यायचं नाही." खोलीत सगळे गप्प होते. आघाडीच्या उमेदवाराचा प्रतिनिधी बाकावर बसून खाली मान घालून यादीकडे बघत होता. त्यालाही बोलायला बंदी. मग काही वेळानं यंत्राचा लांब आवाज ऐकू आला, म्हणजे मत पडलं. आजी बाहेर आल्या, कुणाकडे न बघता निघून गेल्या.

त्या निवडणुकीत सत्ताधारी आघाडी जिंकली. तिच्या विजयाचा विचार करताना मला अजून त्या आजी आठवतात, कारण आघाडीची निवडणूक खरी त्या आडोशामागे लढली जाते. दोन पक्षांचे नेते मुंबईत नाहीतर दिल्लीत बसून जागा वाटून घेतात. पण आपली निशाणी सोडून दुसऱ्याच्या निशाणीवर बोट ठेवायचं काम त्या एकट्या माणसाला करावं लागतं.

थोडं मागं जाऊ. राष्ट्रवादी काँग्रेस १९९९ च्या जूनमध्ये स्थापन झाली, काँग्रेसमधूनच बाहेर पडून. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये लोकसभा आणि विधानसभा एकत्रच झाल्या. तेव्हाही मी मतदानाच्या कामावर होतो. दोन मतपत्रिका घडी घालून देता देता हात दुखून आले होते. बहुतेक मतदारसंघांत काँग्रेस आणि राष्ट्रवादी एकमेकांविरुद्ध उभ्या होत्या. काल एका सतरंजीवर बसणारी माणसं त्या दिवशी एकमेकांच्या मतदारावर हरकती घेत होती. निकाल आला तेव्हा काँग्रेसच्या ७५ आणि राष्ट्रवादीच्या ५८ जागा, मिळून १३३. शिवसेना आणि भाजप यांच्या युतीच्या १२५. मग निकालानंतर हे दोन भाऊबंद पक्ष एकत्र आले आणि १८ ऑक्टोबरला विलासराव देशमुख मुख्यमंत्री झाले. मतदारानं त्यांना एकमेकांविरुद्ध मतं दिली होती. सरकार त्यांनी एकत्र केलं.

ते सरकार पाच वर्षं टिकलं हेच नवल. जून २००२ मध्ये ते पडता पडता वाचलं. काँग्रेसच्या आमदारांना तेव्हा बंगळुरूला नेऊन ठेवावं लागलं होतं. जानेवारी २००३ मध्ये विलासराव जाऊन सुशीलकुमार शिंदे आले. दुष्काळ होता, कापूस आणि कर्ज यांच्या कात्रीत शेतकरी होता, विदर्भातून आत्महत्यांच्या बातम्या येत होत्या. मे २००४ च्या लोकसभेत महाराष्ट्रात युतीला २५ जागा मिळाल्या, काँग्रेस आणि राष्ट्रवादीला मिळून २२. त्यानंतर पाचच महिन्यांत विधानसभा. सत्ताधारी परत येतील असं छातीठोकपणे म्हणणारे थोडेच होते.

या वेळी मात्र दोन्ही पक्ष आधीच एकत्र आले. काँग्रेस १५७ जागांवर लढली, राष्ट्रवादी १२४ जागांवर, उरलेल्या छोट्या मित्रपक्षांना. शनिवारी, १६ ऑक्टोबरला, नवरात्रात मतमोजणी झाली. राष्ट्रवादी ७१, काँग्रेस ६९, शिवसेना ६२, भाजप ५४.

आता एका हिशेबाकडे लक्ष द्या. मी गणित शिकवायचो, त्यामुळे हा हिशेब वहीत मांडून कितीतरी वेळा पाहिला आहे. १९९९ मध्ये वेगवेगळं लढताना काँग्रेसला सुमारे २७ टक्के आणि राष्ट्रवादीला साडेबावीस टक्के मतं पडली होती, म्हणजे जवळजवळ निम्मी. २००४ मध्ये एकत्र लढताना काँग्रेसला २१ आणि राष्ट्रवादीला पावणेएकोणीस. बेरीज जेमतेम ४० टक्के. दहा टक्के मतं कमी झाली आणि जागा १३३ वरून १४० झाल्या. उलट युतीची मतं सुमारे पावणेदोन टक्क्यांनी वाढली आणि जागा १२५ वरून ११६ वर आल्या.

जागा का वाढल्या हे सोपं आहे. आपल्याकडे ज्याला सगळ्यांत जास्त मतं तो निवडून येतो, मग ती तीस टक्के का असेनात. मतं फुटली नाहीत, म्हणून जागा आल्या. पण ती दहा टक्के माणसं गेली कुठं, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. आपली निशाणी यंत्रावर नाही म्हणून ती दुसरीकडे गेली. अपक्षांना त्या निवडणुकीत १४ टक्के मतं पडली आणि १९ अपक्ष निवडून आले. त्यांतले कितीतरी तिकीट न मिळालेले बंडखोर होते. बहुजन समाज पक्षाला सुमारे ४ टक्के मतं मिळाली, एकही जागा नाही, पण विदर्भात त्या मतांनी कित्येकांची गणितं बदलली. निवडणुकीतली माणसं सहज म्हणतात, "मतं फिरवली." मतं म्हणजे काय पाटाचं पाणी आहे, दारं धरली की फिरायला? माझ्या केंद्राबाहेर, दोनशे मीटरच्या रेषेपलीकडे, चिठ्ठ्या वाटायला दोन टेबलं होती. एकावर घड्याळवाला आणि हातवाला असे दोघे कार्यकर्ते शेजारी शेजारी बसले होते. दुसरं टेबल लिंबाखाली होतं. ते बंडखोर अपक्षाचं, आणि गावातली हाताची जुनी माणसं निम्मी तरी त्या लिंबाखाली होती.

निकालानंतरचं नाट्य पुष्कळांना आठवत असेल. बहुमताला १४५ हवेत. १४० आणि मित्रपक्षांचे मोजके आमदार, एवढ्यावर काम भागत होतं. पण राष्ट्रवादीचे आमदार दोननं जास्त, मग मुख्यमंत्री कुणाचा? सोळा दिवस या प्रश्नात गेले. नवरात्र संपलं, दसरा झाला, आपट्याची पानं वाटून झाली, कोजागरी झाली, तरी शपथविधी नाही. अखेर मुख्यमंत्रिपद काँग्रेसनं ठेवलं आणि राष्ट्रवादीनं उपमुख्यमंत्रिपद व मंत्रिमंडळात जादा जागा घेतल्या. १ नोव्हेंबरला विलासरावांनी पुन्हा शपथ घेतली, आर. आर. पाटील उपमुख्यमंत्री आणि गृहमंत्री झाले. त्या वेळी मुख्यमंत्रिपद सोडलं याची खंत राष्ट्रवादीचे नेते अजित पवार यांनी पुढे अनेकदा जाहीरपणे बोलून दाखवली.

त्या सोळा दिवसांना आणखी एक कारण होतं, त्याची चर्चा कमी झाली. ९१ व्या घटनादुरुस्तीनं मंत्र्यांची संख्या सभागृहाच्या १५ टक्क्यांवर बांधून टाकली होती. २८८ आमदारांच्या विधानसभेत म्हणजे मुख्यमंत्र्यांसह ४३ मंत्री. त्याआधी महाराष्ट्रानं साठाहून अधिक मंत्र्यांचं मंत्रिमंडळ पाहिलं होतं. कुणी रुसलं की एक खातं तोडून दुसरं करायचं. निवडणुकीनंतर नव्यानं सरकार बनवताना ही मर्यादा राज्यात पहिल्यांदाच लागू होत होती. ताट तेवढंच आणि जेवणारे जास्त. मला ही दुरुस्ती मनापासून योग्य वाटते. पण तिच्यामुळे आघाडीतली ओढाताण वाढली, हेही खरं.

मला वाईट वाटलं ते सुशीलकुमार शिंद्यांचं. सोलापूरच्या न्यायालयात पट्टेवाला म्हणून नोकरी केलेला, पुढे पोलिस फौजदार झालेला हा माणूस. निवडणूक झाली त्यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात. भिंतींवर चेहरा त्यांचा, सभा त्यांच्या. विजय मिळाला आणि शपथ दुसऱ्यानं घेतली. शिंदे राज्यपाल म्हणून आंध्र प्रदेशात गेले. त्यांनी ते शांतपणे घेतलं, हा त्यांचा मोठेपणा. पण ज्यांनी शिंद्यांकडे बघून मत दिलं होतं, त्यांना कुणी विचारलं? असंच काहीसं वीस वर्षांनी पुन्हा घडलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये महायुती प्रचंड बहुमतानं परत आली, भाजपचे १३२ आमदार, एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेचे ५७, अजित पवार यांच्या राष्ट्रवादीचे ४१. निकाल २३ तारखेला लागला, शपथविधी ५ डिसेंबरला झाला, आणि मुख्यमंत्री म्हणून निवडणुकीला सामोरे गेलेले एकनाथ शिंदे उपमुख्यमंत्री झाले. मधल्या २००९ च्या निवडणुकीतही काँग्रेस आणि राष्ट्रवादी तिसऱ्यांदा सत्तेवर येताना २२ ऑक्टोबरच्या निकालापासून ७ नोव्हेंबरच्या शपथविधीपर्यंत पुन्हा सोळाच दिवस गेले होते.

राज्यघटनेत आघाडी हा शब्द नाही. मुख्यमंत्री राज्यपाल नेमतात आणि मंत्रिमंडळ विधानसभेला जबाबदार असतं, एवढंच तिथं लिहिलं आहे. म्हणून कायद्यानं कुणाचंच काही चुकत नाही. तरीही माझं म्हणणं असं, की ज्या मतदाराकडून तुम्ही त्याची निशाणी सोडवून घेता, त्याला मतदानाआधी सांगा: आमच्यापैकी मुख्यमंत्री कुणाचा, आणि दोघांनी मिळून कबूल केलेल्या गोष्टी कोणत्या. लिहून सांगा, गावच्या चावडीवर लावा. त्यानं आपल्याकडचं सगळ्यांत जुनं काहीतरी तुमच्यासाठी बाजूला ठेवलेलं असतं.

मोफत विजेचंच पाहा. निवडणुकीआधी सरकारनं शेतीपंपांना मोफत विजेची घोषणा केली. शिवसेनेनं तेच आश्वासन दिलेलं होतं, त्यामुळे दोन्ही बाजू एकच बोलत होत्या. माझ्या थोरल्या भावाची दोन एकर उसाची विहीर-बागायत होती. त्यानं वहीतून विजेच्या बिलाचा रकाना खोडला आणि त्या पैशांत पाइपलाइन केली. पुढच्याच वर्षी ती सवलत गेली. तो आघाडीचा की युतीचा मतदार, हे मी त्याला कधी विचारलं नाही. सवलत परवडणारी नव्हती हे मलाही कळत होतं. पण ते घोषणा करणाऱ्यांनाही कळत असणारच, आणि त्यांनी ते मतदानाआधी सांगायला हवं होतं. भाऊ फक्त म्हणाला, "रकाना पुन्हा आखावा लागंल."

आता त्या दिवशीच्या संध्याकाळचं सांगतो. मतदान संपलं, मी यंत्र बंद करण्याचं बटण दाबलं, एकूण मतांचा आकडा प्रतिनिधींना दाखवला, नमुना १७-क भरून प्रत्येकाला प्रत दिली. लाखेची सीलं केली. आजींचं मत त्या आकड्यात होतं. ते कुणाच्या नावावर पडलं हे आता जगात कुणालाच कळणार नव्हतं, आणि ते तसंच असायला हवं. जीपची वाट बघत आम्ही शाळेच्या ओट्यावर बसलो. अंधार पडत आला होता. आघाडीच्या उमेदवाराचा दुपारचा बदली प्रतिनिधी हाताच्या पक्षाचा होता. खोलीतली सकाळची गोष्ट एव्हाना त्याच्या कानावर गेली होती. तो आणि घड्याळवाला टेबल घेऊन परतताना रस्त्यापलीकडे थांबले होते. गावात आवाज नव्हता, त्यामुळे त्यांचं बोलणं स्वच्छ ऐकू आलं.

"म्हातारीला काल सांगितलं नव्हतं का, अवंदा घड्याळ म्हणून?"

"मी? ती तुमच्या आळीतली. मला वाटलं, तू सांगितलं असशील."

दोघांनी टेबल दोन बाजूंनी धरलं आणि गावात निघून गेले.