देशाचा रकाना

(युवा शिबिरातील भाषणाचं शब्दांकन)



मला इथं बोलावणाऱ्या मित्राने फोनवर बजावलं होतं, "तुझ्या नोकरीबद्दल बोल, प्रवचन नको." मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, प्रवचन मला येतही नाही. तेव्हा कामाबद्दलच बोलतो.

गेली सहा वर्षं मी पुण्यात अकरा जणांच्या एका छोट्या टीममध्ये आहे. आमची कन्सल्टन्सी कंपन्यांना आंतरसांस्कृतिक प्रशिक्षण देते. शब्द मोठा आहे, काम साधं आहे. हिंजवडीतल्या एखाद्या कंपनीला जर्मनीचं काम मिळतं. इथली आणि तिथली टीम रोज कॉलवर बोलते. इंग्रजी दोघांनाही येतं, तरी महिन्याभरात कुरबुरी सुरू होतात. ते म्हणतात, "हे लोक हो म्हणतात आणि काम होत नाही." आपले म्हणतात, "ही माणसं फार तुसडी." मग आम्हाला बोलावतात. आमच्या टीममध्ये जर्मन शिकवणाऱ्या दोघी जणी आहेत, जपानमध्ये बारा वर्षं काढलेले एक ज्येष्ठ सहकारी आहेत, मानसशास्त्र शिकलेले आहेत, एक नाटकवालाही आहे. मी प्रशिक्षक नाही. प्रशिक्षणाआधी लोक जी ऑनलाइन प्रश्नावली भरतात, तिचं सॉफ्टवेअर मी लिहितो.

रुजू झालो त्या पहिल्याच आठवड्यात मला पत्ते खेळायला बसवलं. चार टेबलं होती. प्रत्येक टेबलावर नियमांचा कागद. तो वाचायचा, मग कागद काढून घेतात आणि बोलायला बंदी. थोड्या वेळाने जिंकणारे एका टेबलावर सरकतात, हरणारे दुसऱ्या. मी नव्या टेबलावर गेलो, एक्का टाकला आणि हात ओढून घेतला. समोरच्या बाईंनी तो माझ्याकडून काढून घेतला! माझ्या मनात पहिला विचार आला, ही बाई चीटिंग करतेय. खेळ संपल्यावर कळलं की प्रत्येक टेबलाचे नियम थोडे वेगळे होते. माझ्याकडे एक्का सगळ्यांत मोठा, त्यांच्याकडे सगळ्यांत लहान. बाईंनाही मीच लबाड वाटलो होतो. या खेळाचं नाव बार्न्गा. मूळचे चेन्नईचे शिवशैलम त्यागराजन यांनी १९८० साली लायबेरियात काम करताना तो तयार केला. समोरचा चुकतोय असं वाटलं, तर त्याच्याकडे नियमांचा कागद कुठला होता हे आधी विचारा, एवढंच तो शिकवतो.

या विषयाचा पाया घालणाऱ्यांपैकी एक म्हणजे एडवर्ड हॉल. हे मानववंशशास्त्रज्ञ १९५० च्या दशकात परदेशी जाणाऱ्या अमेरिकी अधिकाऱ्यांना शिकवायचे. त्यांचं म्हणणं असं की काही समाजांत बरंचसं न बोलता समजून घेतात, तर काही समाजांत जे आहे ते शब्दांत मांडावं लागतं. आपल्याला हे पुस्तकातून शिकावं लागत नाही. मराठीत कुणी "बघतो" म्हणालं की काम होणार नाही हे पोराटोरांनाही कळतं. लहानपणी मी सायकल मागितली की अब्बा "इन्शाअल्लाह" म्हणायचे. त्यांच्या आवाजावरूनच मी ओळखायचो की सायकल काही यंदा येत नाही. जर्मन मॅनेजरला मात्र हा आवाज ऐकू येत नाही. त्याला "बघतो" म्हणजे खरोखर कुणीतरी बघणार आहे असं वाटतं.

दुसरं नाव गीर्ट हॉफस्टेड यांचं. या डच अभ्यासकाने १९६७ ते १९७३ या काळात आयबीएमच्या निरनिराळ्या देशांतल्या कर्मचाऱ्यांकडून भरून घेतलेल्या एक लाखाहून अधिक प्रश्नावल्या अभ्यासल्या आणि देशांना गुण दिले. उदाहरणार्थ, वरिष्ठ-कनिष्ठ हे अंतर लोक किती स्वीकारतात, यात भारताला ७७ आणि जर्मनीला ३५. इंजिनिअरला आकडे मिळाले की तो खूश! मी प्रोग्राम लिहिला. पहिला रकाना 'देश', सक्तीचा. देश निवडा, शेवटी तुमचा रंगीत आलेख तयार. ग्राहकांना तो फार आवडायचा.

हे आकडे देशाच्या सरासरीचे आहेत, एकट्यादुकट्या माणसाला लावू नका, हे हॉफस्टेड यांनीच बजावून ठेवलंय. मी ते वाचलं होतं, पण प्रोग्राममध्ये उतरवलं नव्हतं. ते मला कळलं २०२२ मध्ये, आणि चांगलंच कळलं.

एका कंपनीला आखाती देशांबद्दल सत्र हवं होतं. आमच्या वरिष्ठांनी माझ्याकडे पाहिलं. "हे तूच घे. तुला तर हे सगळं घरचंच." त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, उलट मला संधी द्यावी हाच हेतू होता. पण माझं घर सांगली जिल्ह्यात. घरात दखनी, शाळा मराठी माध्यमाची, गल्लीतल्या गणपतीच्या आरत्या तोंडपाठ. अरबी मला नमाजापुरती येते. आखात मी पाहिलेलंच नव्हतं. तरी मी "हो" म्हणालो. का? कारण नकार देणं जड गेलं. आणि खरं सांगायचं तर तज्ज्ञ म्हणून मिरवायला बरंही वाटलं.

सत्रात मी ठासून सांगितलं, "आखातात शुक्रवार-शनिवार सुटी." सौदीत २०१३ पासून तसंच आहे. मागच्या रांगेतून एका मुलीने हात वर केला. "सर, दुबईत यंदा जानेवारीपासून शनिवार-रविवार झालंय. शुक्रवारी अर्धा दिवस." घर सदाशिव पेठेत, पण दहावीपर्यंत दुबईत शिकलेली. पुढचा अर्धा तास तीच बोलली आणि मीही वहीत लिहून घेतलं. त्या दिवशी खोलीत आखात तिचं होतं, माझं नव्हतं. नाव वाचून कुणीही उलटंच सांगितलं असतं.

घरी येऊन हॉफस्टेड यांचं कोष्टक पुन्हा उघडलं. त्यात इजिप्त, इराक, कुवेत, लेबनॉन, लिबिया, सौदी अरेबिया आणि संयुक्त अरब अमिराती या सात देशांना मिळून 'अरब देश' असा एकच आकडा आहे. बैरूतचा माणूस आणि रियाधचा माणूस एकाच रकान्यात. माझ्या वरिष्ठांनी त्यात सांगलीचाही घातला, एवढाच फरक.

आता दुसरी बाजू सांगतो, कारण चूक नेहमी दुसऱ्यांचीच असते असं नाही. जर्मनीतल्या एका ग्राहक बाईंनी माझं काम तपासून मेल पाठवला. नमस्कारानंतर थेट पहिला मुद्दा, असे चौदा दोष. कौतुकाचा एक शब्द नाही. मेलखाली माझं पूर्ण नाव असतं. मला वाटलं, नाव वाचलं आणि ठरवलं. तीन दिवस मी धुमसत होतो. शेवटी जपानवाल्या सरांना दाखवला. त्यांनी न बोलता त्यांना आलेला त्याच बाईंचा मेल उघडला. त्यात एकोणीस दोष होते! मग मी बाईंना फोन करून विचारलंच, "काम इतकं वाईट आहे का?" त्या चकित झाल्या. "वाईट असतं तर मी दोन तास घालवून वाचलं असतं का?"

पण म्हणून सगळंच 'संस्कृतीचा फरक' म्हणून सोडून द्यायचं का? लग्नानंतर आम्ही पुण्यात भाड्याने घर शोधत होतो. एजंट म्हणाला, फ्लॅट रिकामा आहे, या बघायला. मग नाव विचारलं. नाव ऐकून म्हणाला, "सोसायटीचं कल्चर जरा वेगळं आहे हो." दुसऱ्या दिवशी टीममधल्या नाटकवाल्या मित्राने त्याच फ्लॅटसाठी फोन केला. त्यालाही नाव विचारलं. कल्चर लगेच जुळलं.

मेल आणि फ्लॅट, दोन्हीकडे मी दुखावलो होतो. मनातली कळ सारखीच होती, म्हणून कळीवरून काही ठरवता येत नाही. ठरवायला एक साधी तपासणी आहे: हीच वागणूक सगळ्यांना मिळते का? जर्मन बाई सगळ्यांशी तशाच वागत होत्या, तिथं मी शिकायचं होतं. एजंट सगळ्यांशी तसा वागत नव्हता, तिथं त्याला तोंडावर सांगायचं होतं की हा भेदभाव आहे, याला कल्चर म्हणू नका. तुमच्यापैकी बरेच जण लवकरच नोकरीला लागतील. दोन्ही प्रसंग येतील. दोन्हीत गल्लत करू नका. पहिल्या ठिकाणी चिडलात तर काम शिकायचं राहील. दुसऱ्या ठिकाणी गप्प राहिलात तर पुढच्यालाही घर मिळणार नाही.

त्यानंतर मी प्रोग्राम बदलला. 'देश' हा सक्तीचा एकच रकाना काढला. आता आम्ही विचारतो: कुठे कुठे वाढलात, घरात कोणत्या भाषा बोलतात, कुणाबरोबर काम केलंय. उत्तरं कितीही देता येतात. रंगीत आलेख शेवटच्या पानावर गेला. पहिल्या पानावर, समोरच्याला कोणते प्रश्न विचारायचे, याची यादी येते. वरिष्ठ कुरकुरले, ग्राहकांना आलेख हवा असतो म्हणाले. मी त्यांना आखाताच्या सत्राची आठवण करून दिली. तेव्हा मी पहिल्यांदा ऑफिसात स्पष्ट "नाही" म्हणालो.

एक शेवटची गोष्ट. ती सांगायला मला अवघड जातं. माझ्या मामेबहिणीला बारावीनंतर पुण्यात येऊन जर्मन शिकायचं होतं. घरात बैठक बसली. मामा म्हणाले, "आपल्यात हे चालत नाही." मी तिथं होतो. रोज जर्मनांशी बोलणारा, कंपन्यांना संस्कृती समजावणारा मी खाली मान घालून चहा पीत राहिलो. फ्लॅटच्या एजंटने वापरलेलाच तो शब्द होता, फक्त या वेळी दाराच्या आतून आलेला. तपासणीही तीच लागू होती: माझ्या मामेभावाला पुण्याला पाठवताना कुणी विचारलं नव्हतं, आपल्यात चालतं का?

गेल्या महिन्यात मी मामांकडे गेलो. फीचा हिशोब, मुलींच्या होस्टेलचा पत्ता, आमच्या टीममधल्या जर्मन शिकवणाऱ्या बाईंचा फोन नंबर, सगळं कागदावर लिहून नेलं. मामांनी कागद वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, "बघतो."

'बघतो'चा अर्थ तुम्हाला ठाऊक आहे. मलाही आहे. मी पुढच्या रविवारी पुन्हा जाणार आहे.