४७ अमिनो आम्लांची शेपटी



ज्या घरात अल्झायमरचा रुग्ण आहे, त्या घरात ‘अमायलॉइड’ हा शब्द एव्हाना ओळखीचा झालेला असतो. मेंदूच्या पेशींच्या बाहेर साचणारा प्रथिनाचा एक चिवट तुकडा, एवढं आपण ऐकलेलं असतं. १९०६ साली जर्मनीत आलोइस अल्झायमर यांनी आपल्या एका दिवंगत रुग्ण स्त्रीच्या मेंदूतल्या गाठींचं वर्णन केलं. १९८४ मध्ये ग्लेनर आणि वाँग या अमेरिकेतल्या संशोधकांनी रुग्णांच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्यांमधून हा तुकडा वेगळा काढला. १९८७ मध्ये त्याचं मूळ सापडलं. २१व्या गुणसूत्रावरच्या एका जनुकापासून तयार होणारं हे मोठं प्रथिन. त्याचं नाव अमायलॉइड प्रिकर्सर प्रोटीन, थोडक्यात एपीपी.

आज मला बोलायचं आहे ते या मोठ्या प्रथिनाबद्दल. कारण तुकड्याच्या मागे लागता लागता अख्ख्या प्रथिनाकडे आपलं फार दुर्लक्ष झालं, असं मला मनापासून वाटतं. एपीपी काही आजारासाठी जन्माला आलेलं नाही. ते तुमच्या-माझ्या मेंदूत जन्माच्या आधीपासून काम करतं आहे. उंदरांमध्ये हे एकटं प्रथिन काढून टाकलं तर पिल्लं जगतात, फक्त वजनाला कमी भरतात आणि त्यांची पकड दुबळी असते. पण त्याची दोन भावंडंही सोबत काढली, तर पिल्लं जन्मानंतर लगेच दगावतात. त्यांच्या मेंदूच्या बाह्यस्तरात काही चेतापेशी जिथे थांबायला हव्यात तिथे थांबत नाहीत, वरचं आवरण भेदून बाहेर पडतात.

आता या प्रथिनाची बांधणी पाहू. चेतापेशीतलं एपीपी ६९५ अमिनो आम्लांचं असतं. ते पेशीच्या पटलातून आरपार गेलेलं असतं. बराचसा भाग बाहेर आणि आत जेमतेम ४७ अमिनो आम्लांची शेपटी. त्या शेपटीत सहा अमिनो आम्लं अशी आहेत की फळमाशीपासून माणसापर्यंत त्यांचा क्रम बदललेला नाही : टायरोसिन, ग्लुटामिक आम्ल, अस्परजिन, प्रोलिन, थ्रिओनिन आणि पुन्हा टायरोसिन. इतक्या कोटी वर्षांत जी गोष्ट बदलली नाही, तिच्यावर काहीतरी महत्त्वाचं अवलंबून असणार, हे उघड आहे. याच जागेवर अडॅप्टर प्रथिनं येऊन बसतात.

ही अडॅप्टर प्रथिनं स्वतः काही कापत नाहीत, काही जाळत नाहीत, काही घडवत नाहीत. त्यांना पकडी असतात. एका पकडीत एपीपीची शेपटी आणि दुसऱ्या पकडीत आणखी एखादं प्रथिन. एसटी स्टँडवरचा कंट्रोलर जसा गाडी चालवत नाही, पण कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागेल आणि कधी सुटेल हे त्याच्या हातात असतं, तसं यांचं काम आहे. आणि एपीपीच्या बाबतीत ते कुठे आहे यावरच त्याचं पुढे काय होणार हे बरंचसं ठरतं.

ते कसं, हे जरा नीट सांगतो. एपीपी पेशीच्या पृष्ठभागावर असेल, तर त्याला बहुधा अल्फा सिक्रेटेज हे एन्झाइम कापतं. हा काप अमायलॉइडच्या भागाच्या बरोबर आतून जातो, त्यामुळे तो तुकडा अखंड निघूच शकत नाही. पण तेच एपीपी पेशीनं आत ओढून घेतलं, तर ते एंडोसोम नावाच्या आम्लधर्मी पिशव्यांत पोचतं. बीटा सिक्रेटेज या दुसऱ्या एन्झाइमला असं आम्लधर्मी वातावरण मानवतं आणि ते तिथे एपीपी कापतं. त्याच्यानंतर गॅमा सिक्रेटेज कापतं आणि ४० किंवा ४२ अमिनो आम्लांचा अमायलॉइड तुकडा सुटतो. त्या सहा अमिनो आम्लांत फेरफार केला की एपीपी आत ओढलं जाण्याचं प्रमाण घटतं आणि अमायलॉइडही घटतं.

चेतापेशीत आणखी एक अडचण आहे, अंतराची. आपल्या पाठीच्या कण्यातून पायाच्या अंगठ्यापर्यंत जाणारा पेशीचा धागा मीटरभर लांब असू शकतो. एपीपी तयार होतं पेशीच्या मुख्य भागात आणि तिथून ते या धाग्यातून जलद वाहतुकीनं पुढे नेलं जातं. या वाहतुकीचा वेग दिवसाला ४०० मिलिमीटरच्या आसपास जातो, म्हणजे मीटरभर अंतराला अडीच दिवस. पुढे नेणारं प्रथिन कायनेसिन, मागे आणणारं डायनीन. दोन्ही एकाच वेळी ओढू लागली तर माल जागच्या जागी अडकेल. २०१३ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या फू आणि होल्झबॉर यांनी जिवंत चेतापेशींत एपीपीचा प्रवास पाहिला आणि दाखवलं की ही दिशा जिप-१ हे अडॅप्टर सांभाळतं. त्याच्या ४२१व्या जागेवरच्या सेरिन या अमिनो आम्लाला फॉस्फेट जोडलेलं असेल तर माल पुढे, नसेल तर मागे. एका फॉस्फेटच्या गटावर मीटरभराचा प्रवास ठरतो, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी बराच वेळ त्याच पानावर होतो.

दुसरं अडॅप्टर एफई-६५. सिक्रेटेजांनी एपीपी कापल्यावर आत सुटलेली शेपटी एफई-६५च्या मदतीनं केंद्रकापर्यंत जाऊन जनुकांच्या कामावर परिणाम करू शकते, असं काओ आणि स्युडहॉफ यांनी २००१ मध्ये मांडलं. नेमक्या कोणत्या जनुकांवर, यावर पुढे बरेच मतभेद झाले. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो उंदरांचा पुरावा. एफई-६५ आणि त्याचं एक भावंड काढून टाकलं, तर मेंदूच्या बाह्यस्तरातल्या पेशी पुन्हा आवरण फोडून बाहेर पडतात. तीन एपीपी भावंडं काढल्यावर दिसलेलं चित्रच इथे पुन्हा दिसतं. प्रथिन काढा किंवा त्याचं अडॅप्टर काढा, मेंदूची घडण सारखीच बिघडते.

मिंट, ज्यांना एक्स-११ही म्हणतात, ती अडॅप्टर प्रथिनं मात्र कोड्यात टाकतात. त्यांचं प्रमाण वाढवलं की अमायलॉइड कमी होतं, असं अनेक प्रयोगांत दिसलं. मग ती काढून टाकल्यावर ते वाढायला हवं. काही उंदरांत वाढलं. २००८ मधल्या एका अभ्यासात मात्र कमी झालं. मला वाटतं, दोन्ही निकाल खरे असू शकतात. मिंट एपीपीला एका ठिकाणी अडवतं, दुसऱ्या ठिकाणी पुढे ढकलतं, आणि कोणतं मिंट, कोणत्या पेशीत, किती, यावर पारडं कुठे झुकेल ते ठरतं.

हा विषय प्रयोगशाळेपुरता राहत नाही. बीटा सिक्रेटेज बंद पाडणारी औषधं माणसांवर तपासली गेली. अमायलॉइड खरोखर कमी झालं. पण व्हेरुबेसेस्टॅट या औषधाची चाचणी २०१८ मध्ये थांबवावी लागली. ते घेणाऱ्यांपैकी काहींची स्मरणशक्ती आणि विचारशक्ती औषध न घेणाऱ्यांपेक्षा खालावली होती. हे एन्झाइम एकट्या एपीपीला कापत नाही, त्याची इतरही कामं आहेत. म्हणूनच अडॅप्टरांच्या बाबतीतही सावधगिरी हवी. एपीपीची शेपटी धरणारं डॅब-१ मेंदूच्या वाढीत पेशींना जागेवर नेणाऱ्या रीलिनचा संदेशही पोचवतं. मिंट दोन चेतापेशींमधल्या देवाणघेवाणीत गुंतलेलं असतं. त्यांना सरसकट बंद पाडून चालणार नाही. एपीपीच्या शेपटीशी असलेली त्यांची तेवढीच जोडणी सैल करायची आणि बाकीची कामं चालू ठेवायची, असा रेणू औषधशास्त्रज्ञांना घडवावा लागेल.