आईच्या सुपातली बिडी

(वसतिगृहातल्या पोरांसमोर केलेलं भाषण)

दोस्तहो, जय भीम.

विषय दिलाय ‘विद्यार्थी आणि धूम्रपान’. हा शब्द आपल्या तोंडात बसत नाही. धूम्रपान सदाशिवपेठेत होतं; आपण बिडी पितो. सडक्या फुप्फुसाची चित्रं मी आणलेली नाहीत. मरणाला भिऊन आपली पोरं सुधारत नाहीत, मरण त्यांनी घरात बघितलेलं असतं.

मी भंडाऱ्याकडचा. आई बिड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात जर्दा, बाजूला ओल्या फडक्यात तेंदूची पानं. हजार भरल्या की सट्टेदाराकडे न्यायच्या. तो मूठमूठ उचलून ‘छाट’ म्हणून बाजूला फेकायचा. त्या छाटीचे पैसे नाहीत आणि बिड्याही परत नाहीत.

अकरावीत मी त्या सुपातल्या चार-पाच रोज उचलायचो. आईची मोजणी कमी भरायची. बोलायची नाही. कंदील पुढे ओढून पुन्हा पानं कापायला बसायची. आणि मी वैनगंगेच्या काठी धूर सोडत क्रांतीवर बोलायचो. च्यायला, कसली क्रांती! आईच्या मजुरीतून चोरलेली.

१९७९ साली वसतिगृहात आलो. स्कॉलरशिप महिनोन्‌महिने अडकायची, मेस बंद पडायची. तेव्हा कळलं, बिडीनं भूक मरते. निकोटीन काही सेकंदांत मेंदूला पोचतं आणि पोटाला गप्प बसवतं. आमच्यातल्या कितीकांना ही सवय उपासातून लागली. चैन म्हणून शिव्या देणारे उपदेशक पुष्कळ भेटले, जेवलास का विचारणारा एक नाही.

आणखी एक. गावात ज्यांच्या माठाला हात लावायची सोय नव्हती, त्यांच्यातलाच एक पोरगा इथं माझ्या उष्ट्या बिडीचा झुरका घ्यायचा. केवढी धुंदी होती त्यात! वाटलं, जात जळाली. दिवाळीत त्याच्या घरी गेलो, तर त्याच्या आईनं पाणी वरून ओतलं. तो खाली बघत बसला.

हा ‘जय भीम’ रूढ केला कामठीच्या बाबू हरदास एल. एन. यांनी. जन्म १९०४. त्यांनी विडी मजुरांची संघटना बांधली, ठेकेदार मध्ये नको म्हणून सहकारी तत्त्वावर विडीचं काम काढलं. १९३७ साली मध्यप्रांत-वऱ्हाडच्या विधिमंडळात निवडून गेले. जानेवारी १९३९ मध्ये क्षयानं गेले, पस्तिसाव्या वर्षी. आपण ज्या तोंडानं त्यांचा जय भीम घालतो, त्याच तोंडात ठेकेदाराची बिडी धरतो.

कोणी म्हणतं, बिडी पानाची, सिगारेटपेक्षा बरी. साफ खोटं. तेंदूच्या पानातून हवा खेळत नाही. विझू नये म्हणून पुन्हापुन्हा जोरात ओढावी लागते, विष जास्तच आत जातं. कायदे आहेत. २००३ च्या कायद्यानं कॉलेजपासून शंभर यार्डांत विक्री बंद, २०२० साली महाराष्ट्रानं सुटी बिडी-सिगारेट विकणं बंद केलं. आपल्या गेटसमोरची टपरी मात्र जागची हललेली नाही, तुम्ही आत्ता तिथूनच आलात.

माझी बिडी १९८८ साली सुटली. आईला धाप लागायला लागली म्हणून दवाखान्यात नेलं. जन्मात एक झुरका न घेतलेली बाई, छातीत सगळी जर्द्याची धूळ. डॉक्टरनं विचारलं, “आजी, बिडी पिता का?”

आई म्हणाली, “नाई बापा. पोरगा पेते, मी वळतो.”