वरणाच्या वाटीत प्रोटीन किती?

आधीच सांगतो, मी आहारतज्ज्ञ नाही, कोड लिहून पोट भरतो. पण गेल्या दिवाळीत आई खाली बसून करंज्या करत होती आणि उठताना तिने माझा हात मागितला. वय ५४. तपासण्या ठीक आल्या. डॉक्टर म्हणाले, स्नायूंची ताकद कमी झालीय, थोडा व्यायाम करा आणि प्रोटीन वाढवा. आई लगेच म्हणाली, "रोज वरण खाते की मी!"

मग काय, मी एक्सेल उघडलं. आयसीएमआर-एनआयएनच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढांना किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रोटीन लागतं. आई ५८ किलोची, म्हणजे किमान ४८ ग्रॅम. आता तिचं ताट बघा. चार पोळ्यांचे १२, वाटीभर वरणाचे ५-६, भाताचे ३, चहातल्या दुधाचे ३, भाजी आणि दाण्याचं कूट मिळून ५. झाले तिशीच्या आसपास. तुरीच्या डाळीत १०० ग्रॅमला २२ ग्रॅम प्रोटीन असतं हे खरंय, पण ते कोरड्या डाळीत. आमच्या पातळ वरणाच्या वाटीत डाळ जेमतेम २५ ग्रॅम, बाकी पाणी! आणि चतुर्थी-एकादशीला साबुदाणा. त्यात प्रोटीन जवळपास शून्य, जे काय असतं ते दाण्यांचं.

मी स्वतः आधी इथेच फसलो होतो. शेंगदाण्यात प्रोटीन भरपूर म्हणून ऑफिसात मुठी मारायचो. वजन वाढलं, दुसरं काही नाही. कारण दाण्यांचं जवळपास निम्मं वजन तेलाचं. म्हणून मी एकच प्रश्न विचारायला लागलो: २० ग्रॅम प्रोटीन घेताना सोबत कॅलरी किती येतात? शेंगदाण्यातून साधारण ४५०. पनीरमधून ३०० च्या आसपास. तीन-साडेतीन अंड्यांतून अडीचशेच्या आत. सोयाबीनच्या वड्यांतून फक्त १४० च्या आसपास, तेही ४० ग्रॅम कोरड्या वड्यांत. पाकिटावर मोठ्या अक्षरात 'प्रोटीन' लिहिलेल्या बिस्किटांनाही हाच प्रश्न विचारा, मजा येईल.

अंडं आई खात नाही, विषय संपला. पावडरचा डबा आणला, तर म्हणाली, "औषध वाटतंय रे." सोयाच्या वड्यांचा वास तिला सहन होईना. मग त्या गरम पाण्यात भिजवून, दोनदा घट्ट पिळून, जाडसर वाटून गोडा मसाल्याच्या रश्शात टाकल्या. चालल्या! रात्री पोळी-भाजीऐवजी आठवड्यातून तीनदा भाकरी आणि घट्ट पिठलं. ५० ग्रॅम बेसनात ११ ग्रॅम मिळतात. सकाळी चहा-पोळीच्या जागी मुगाची धिरडी. आणि भाकरी सोडायची नाही बरं का, कारण धान्यात लायसिन कमी, डाळीत मिथिओनिन कमी, दोघं एकमेकांची उणीव भरून काढतात. आजीने हे न शिकताच जमवलं होतं, प्रमाण तेवढं आपण बिघडवलं.

एक मात्र लक्षात ठेवा, घरात कुणाला किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, माझं ऐकू नका.

आई आता रोज खुर्चीवरून दहा वेळा हात न टेकता उठते. परवा मीटिंग चालू असताना तिने धिरड्याचा फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, "यात किती?"