वाट नवी नव्हती

पन्नाशी उलटल्यावर मी जाड टायरांची, गिअरची सायकल घेतली, तेव्हा घरात हशा पिकला. गेल्या हिवाळ्यात महाबळेश्वरच्या जंगलात मला एक वाट सापडली. अंजन-जांभळीच्या गर्द सावलीतून, तांबड्या जांभ्यावरून ती खाली उतरत होती. वाटले, ही माझीच!

चढावर हलका गिअर, उतारावर अंगाचा भार मागे आणि बोटे ब्रेकवर, एवढे शिकलो होतो. तरी एका वळणावर घाबरून मागचा ब्रेक गच्च दाबला. चाक घसरत गेले आणि मी कारवीत. लागले थोडेच.

सरपणाची मोळी घेऊन येणाऱ्या मावशींनी सायकल उभी केली. मग चाकाने उकरलेल्या चरीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "बाबा, पाण्याला जायची वाट हाय ही आमची. पावसात ह्या चरीचा वढा हुतोय."

इथे वर्षाला ५००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. २००१ साली केंद्र सरकारने महाबळेश्वर-पाचगणी परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला, हे मी वाचले होते. त्याचा अर्थ त्या चरीपाशी कळला.

पायाने माती ओढून चर बुजवली. उरलेली वाट सायकल हाताने धरून, पायी उतरलो.

कवीला काही नवे सापडले, की चारचौघांत सांगायची घाई असते. ही वाट नेमकी कुठे आहे, ते मात्र मी आज सांगणार नाही.