सुरीची धार, आपल्या हाताने

सुरीला दगडावर धार लावायची, तर जोर नको. शिकताना १००० ग्रिटचा दगड पुरे. खाली ओलं फडकं घाला, म्हणजे तो सरकत नाही. अवघड आहे तो कोन. पातं दगडाशी १५ ते २० अंशांवर धरून मुठीपासून टोकापर्यंत तसंच फिरवायचं. त्यासाठी धारेलगत मार्करने रेघ ओढाच. चार हात मारून बघा: शाई धारेवर राहिली, तर पातं फार आडवं धरलंय, फक्त धारेवरची गेली, तर फार उभं. कोन जमला, की तीच बाजू घासत राहा आणि मधूनमधून दुसऱ्या बाजूवर अंगठा पाठीकडून धारेकडे, बाहेरच्या दिशेने हलकेच सरकवा. सबंध लांबीभर बारीक खरखर लागली, की पातं उलटा. दोन्ही बाजू झाल्या, की अगदी हलक्या हाताने आलटूनपालटून घासून ती खरखर काढा.